मिशिगनकडून हरलेला राष्ट्रविजेता: ओहायो स्टेटच्या २०२४ च्या हंगामाचा हिशेब कसा मांडावा?

ओलेंटँजीकाठ
२३ जानेवारी २०२५, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. सोमवारी, २० जानेवारीला, अटलांटात ओहायो स्टेट विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघाने नोटर डेमला ३४–२३ असे हरवून राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. आमच्या कोलंबस शहरात तेव्हापासून लोकांच्या तोंडी दुसरा विषय नाही. किराणा दुकानाच्या रांगेत काय किंवा दवाखान्यात काय, जो भेटतो तो आधी सामन्याबद्दल बोलतो आणि मग कामाचे काढतो. मी या गावात एकोणीस वर्षे राहतो आहे. २०१४ च्या हंगामाचे विजेतेपदही मी येथेच पाहिले, पण तेव्हाच्या आणि आताच्या आनंदात एक मोठा फरक आहे. हा धागा त्या फरकाबद्दल आहे.

२०१४ साली आम्ही मिशिगनलाही हरवले होते. या वेळी ३० नोव्हेंबरला, आमच्याच मैदानावर, लाखाहून अधिक लोकांच्या डोळ्यांदेखत आम्ही मिशिगनकडून १३–१० असे हरलो, आणि तेही सलग चौथ्या वर्षी. ज्यांना या दोन विद्यापीठांमधील वैर ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो की, त्या आठवड्यात ओहायो स्टेटच्या आवारातील पाट्यांवर जिथे जिथे 'एम' हे अक्षर असते तिथे तिथे त्यावर लाल चिकटपट्टीची फुली मारलेली असते. मिशिगनचे नावही कोणी घेत नाही, 'उत्तरेकडचा तो संघ' एवढेच म्हणतात.

माझी मुलगी याच विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला आहे. त्या दिवशी ती स्टेडियममध्ये होती. संध्याकाळी घरी आली ती डोक्यावरची लाल टोपीही न काढता जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसून राहिली, आणि बऱ्याच वेळाने, आपण जेवणार नाही एवढेच बोलली. सोमवारी रात्री तीच मुलगी आनंदाने रडली. तरीही तिचे म्हणणे असे आहे की विजेतेपद खरे आणि तो पराभवही खरा, आणि एकाने दुसरा पुसला जात नाही. आमचे शेजारी पूर्वीचे गाजलेले प्रशिक्षक वुडी हेज यांच्या काळापासून सामने पाहत आले आहेत. त्यांचे मत नेमके उलटे आहे. हंगाम कुठे संपला तेवढेच पाहावे, मधले मोजू नये, असे ते म्हणतात.

माझा कौल मुलीच्या बाजूने आहे. तुम्ही हा हिशेब कसा मांडाल?

हुरॉनकाठ
२३ जानेवारी २०२५, रात्री ११:०५

सर्वप्रथम मनापासून अभिनंदन. मी मिशिगनचा माजी विद्यार्थी आहे आणि आजही ॲन आर्बरमध्येच राहतो, त्यामुळे माझे उत्तर काय असणार हे तुम्ही ओळखलेच असेल. तुमची कन्या बरोबर सांगते आहे.

त्या दिवशी आमचा संघ सहा विजय आणि पाच पराभव घेऊन तुमच्या दारात आला होता. आधीच्या वर्षीचे आम्ही राष्ट्रविजेते खरे, पण प्रशिक्षक बदलले होते, बहुतेक मोहरे व्यावसायिक संघांत निघून गेले होते, आणि या सामन्यात विल जॉन्सन आणि कोल्स्टन लव्हलँड हे आमचे दोन मोठे खेळाडूही नव्हते. आमच्या क्वार्टरबॅकने, म्हणजे आक्रमण चालवणाऱ्या आणि चेंडू फेकणाऱ्या खेळाडूने, संपूर्ण सामन्यात फेकीने फक्त ६२ यार्ड मिळवले. एवढ्यावर कोणी सामना जिंकत नाही, पण आम्ही जिंकलो, कारण बचावाच्या पुढच्या फळीच्या मधोमध मेसन ग्रॅहम आणि केनेथ ग्रँट हे दोघे भिंतीसारखे उभे होते आणि तुमचे प्रशिक्षक दिवसभर त्याच भिंतीवर चेंडू पाठवत राहिले. तुमच्याकडे जेरेमाया स्मिथ, एमेका इग्बुका आणि कार्नेल टेट असे तीन झेलणारे असताना ते असे का खेळले, हे मला आजही उमगलेले नाही. शेवटी ४५ सेकंद उरले असताना डॉमिनिक झ्वाडाने २१ यार्डांवरून मारलेला फील्ड गोल (लाथेने चेंडू खांबांमधून पाठवून मिळणारे तीन गुण) आम्ही जन्मभर सांगत राहू.

नलूमावशी
२४ जानेवारी २०२५, सकाळी ७:१५

मी नाशिकहून लिहिते आहे. माझा धाकटा मुलगा दीड वर्षापासून कोलंबसमध्ये एम.एस. करतो. त्याच्या आग्रहामुळे मी अंतिम सामना आपल्या वेळेनुसार मंगळवारी सकाळी सहा वाजता लावला आणि चहा गार होईपर्यंत पाहत बसले. नियम मला निम्मेच कळले. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचे, नाही जमले तर चेंडू समोरच्याला द्यायचा, हे मुलाने फोनवर समजावले तेव्हा मग रंगत आली.

मला एक शंका आहे. हा संघ दोनदा हरला होता असे मुलगा सांगतो. दोनदा हरलेला संघ राष्ट्रविजेता कसा ठरतो?

चौथाडाव
२४ जानेवारी २०२५, सकाळी ८:३०

मावशी, तुमची शंका अगदी योग्य आहे, कारण वर्षभरापूर्वी हे जवळजवळ अशक्य होते.

२०१४ पासून २०२३ पर्यंत फक्त चार संघ बाद फेरीत घेतले जात. हे चार संघ एक निवड समिती ठरवत असे. या हंगामापासून ही संख्या बारा झाली. समितीच्या शेवटच्या यादीत ओहायो स्टेट सहाव्या क्रमांकावर होता, म्हणजे जुन्या पद्धतीत तो घरी बसला असता आणि आज आपण त्याच्या प्रशिक्षकाला काढावे की नाही यावर वाद घालत असतो. नव्या पद्धतीत पहिली चार मानांकने गटविजेत्यांसाठी, म्हणजे विद्यापीठांच्या गटांतील (कॉन्फरन्स) विजेत्यांसाठी, राखीव होती, त्यामुळे ओहायो स्टेटला आठवे मानांकन मिळाले आणि पहिल्या फेरीचा सामना घरच्या मैदानावर मिळाला. ज्या चार गटविजेत्यांना पहिल्या फेरीतून सूट मिळाली होती, ते ऑरेगॉन, जॉर्जिया, बॉयसी स्टेट आणि ॲरिझोना स्टेट हे चारही संघ आपला पहिलाच सामना हरले. सूट मिळणे लाभाचे की तोट्याचे, हा प्रश्न त्यामुळे उभा राहिला आहे.

मूळ प्रश्नाबद्दल माझे मत असे आहे की नियम आधी ठरले होते आणि सगळ्यांना ते सारखेच लागू होते. चार आठवड्यांत टेनेसी, ऑरेगॉन, टेक्सास आणि नोटर डेम अशा चार बलाढ्य संघांना हरवून मिळालेले विजेतेपद पूर्वीच्या कोणत्याही विजेतेपदापेक्षा कठीण आहे. त्यामुळे मी शेजाऱ्यांच्या बाजूने आहे.

रंकाळा
२४ जानेवारी २०२५, सकाळी १०:५०

कोल्हापूरकर म्हणून एकच सांगतो. शाहू स्टेडियमवर पेठेपेठेच्या तालमींचे फुटबॉल सामने बघत आम्ही वाढलो. शेजारच्या तालमीकडून हरलेला सामना लोक वीस-वीस वर्षे विसरत नाहीत, मग त्या साली कपाटात कितीही चषक आलेले असोत. ओलेंटँजीकाठ यांच्या मुलीला हे कोणी न शिकवता कळले आहे.

पुढचीफळी
२४ जानेवारी २०२५, दुपारी ४:२०

चर्चा चांगली चालली आहे, पण या हंगामाचा खरा कणा अजून कोणी हात लावून पाहिलेला नाही. मी क्लीव्हलंडमध्ये राहतो आणि सामना पाहताना चेंडूमागे न जाता पुढच्या फळीतील पाच जणांकडे पाहतो, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

आक्रमणाच्या पुढच्या फळीत पाच खेळाडू असतात: मधोमध सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंना गार्ड आणि कडेला दोन टॅकल. चेंडूला हात न लावता समोरच्याला थोपवून धरणे हे यांचे काम आहे. त्यांपैकी डावा टॅकल सर्वांत मोलाचा, कारण उजव्या हाताने फेकणाऱ्या क्वार्टरबॅकची पाठ त्याच्या भरवशावर असते. १२ ऑक्टोबरला ऑरेगॉनमध्ये आपण ३२–३१ असे हरलो, त्याच सामन्यात डावा टॅकल जॉश सिमन्स गुडघ्याच्या दुखापतीने हंगामातून बाहेर गेला. लोकांच्या लक्षात मात्र शेवटचे सेकंद राहिले, आपला क्वार्टरबॅक विल हॉवर्ड चेंडू घेऊन धावला, घसरून बसला आणि तोवर घड्याळ संपले होते. माझ्या दृष्टीने त्या दिवशीचे मोठे नुकसान सामन्याचे नव्हते, सिमन्सचे होते.

पुढच्या सामन्यात नेब्रास्काविरुद्ध त्याच्या जागी झेन मिचाल्स्की उभा राहिला आणि तोही जखमी झाला. तो सामना कसाबसा २१–१७ असा सुटला. मग डावा गार्ड डोनोव्हन जॅक्सन याला कडेला सरकवून टॅकल केले गेले. ऐकायला ही एका जागेची सरकासरक वाटते, पण गार्डला दोन्ही बाजूंनी सोबती असतात आणि टॅकलच्या बाहेरच्या अंगाला कोणीही नसते. गार्डला छातीला छाती भिडवायची असते, तर टॅकलला पाय मागे घेत, समोरून वाऱ्यासारख्या येणाऱ्याला वळसा घालायला लावायचे असते. आणि जॅक्सनचा या जागेवरचा पहिलाच दिवस पेन स्टेटच्या अब्दुल कार्टरसमोर आला. तो त्या दिवशी चुकला, धडपडला, पण उभा राहिला. नोव्हेंबरमध्ये, इंडियानाविरुद्धच्या सामन्याच्या आधी, सेंटर सेथ मॅक्लॉफ्लिनची घोट्यामागची शीर सरावातच तुटली. देशातील सर्वोत्तम सेंटरचा रिमिंग्टन पुरस्कार या हंगामात त्यालाच मिळाला आहे. त्याच्या जागी कार्सन हिन्झमन आला आणि डाव्या गार्डच्या जागी ल्यूक माँटगोमेरी.

हुरॉनकाठ, तुम्ही विचारता की ते भिंतीवर का धडकत राहिले. निर्णय चुकला हे मला मान्य आहे. पण फळीतील डावीकडचे तीनही जण त्या त्या जागेवर हंगाम सुरू झाल्यानंतर आलेले होते हेही ध्यानात घ्या. तुमच्या ग्रॅहम आणि ग्रँट यांनी ती शिवण नेमकी हेरली. त्यानंतर टेनेसीविरुद्ध पहिल्याच चढाईत स्मिथकडे ३७ यार्डांची फेक गेली आणि टचडाऊन झाला, म्हणजे चेंडू गोलरेषेपार जाऊन सहा गुण मिळाले. आधी लांब फेकी, आणि समोरचे मागे हटले की मग धाव. जे मिशिगनविरुद्ध करायला हवे होते ते तीन आठवड्यांनी केले गेले. तो पराभव झाला नसता तर हा बदल झाला असता का, याची मला शंका आहे. म्हणून माझे उत्तर शेजाऱ्यांपेक्षा आणि मुलीपेक्षाही वेगळे आहे. ३० नोव्हेंबर हा विजेतेपदाचा पाया आहे, तो वगळून हिशेब लागतच नाही.

बाभूळबन
२४ जानेवारी २०२५, संध्याकाळी ६:१०

पुढचीफळी, हा प्रतिसाद मी जपून ठेवतो आहे. बारा वर्षे सामने पाहतो आहे, पण डावा टॅकल आणि डावा गार्ड यांत इतके अंतर असते हे आज समजले.

तुम्ही पेन स्टेटचा उल्लेख केलात म्हणून एक आठवण सांगतो. २ नोव्हेंबर म्हणजे दिवाळीचा पाडवा होता आणि सामना दुपारी बाराचा होता. सौभाग्यवतींनी औक्षणाचे तबक तयार केले आणि त्याच वेळी शेवटच्या सत्रात पेन स्टेटने चेंडू आमच्या गोलरेषेपासून तीन यार्डांवर आणला. चार प्रयत्न आणि तीन यार्ड. निरांजन पेटलेले, मी पाटावर बसलेलो आणि दोघांचीही नजर पडद्यावर. तीन वेळा त्यांचा धावणारा अडवला गेला आणि चौथ्या वेळी फेक हातातून सुटली. त्यानंतर आमच्या संघाने केवळ धावून उरलेली पाच मिनिटे संपवली. सामना २०–१३ असा संपला तेव्हा निरांजनातले तूप संपत आले होते आणि ओवाळणे तसेच राहून गेले होते.

हंगामाची सुरुवातही सणाची होती. ७ सप्टेंबरला आमच्याकडे गणपती बसले आणि संध्याकाळी आरतीनंतर वेस्टर्न मिशिगनवर ५६–० असा विजय मिळाला. मंडळात त्या रात्री सगळे म्हणत होते की यंदा कोणी रोखत नाही.

सातबारा
२४ जानेवारी २०२५, रात्री ८:००

एका गोष्टीबद्दल कोणीच बोलत नाही, ती म्हणजे पैसा. हा संघ उभा करण्यासाठी खेळाडूंना मिळणारी रक्कम सुमारे दोन कोटी डॉलर असल्याचे विद्यापीठाच्या क्रीडा संचालकांनीच जाहीरपणे सांगितले होते. क्वार्टरबॅक हॉवर्ड कॅन्सस स्टेटमधून आला, धावणारा क्विन्शॉन जडकिन्स ओल मिसमधून, आणि केलेब डाउन्स आणि मॅक्लॉफ्लिन अलाबामातून. २०२१ पासून विद्यार्थी खेळाडूंना आपल्या नावाचे आणि प्रतिमेचे पैसे घेता येतात आणि विद्यापीठ बदलणेही सोपे झाले आहे. हे खेळाडूंच्या हिताचे आहे याबद्दल वाद नाही. पण एका वर्षासाठी आलेल्या खेळाडूंनी मिळवलेले विजेतेपद त्या विद्यापीठाचे किती, हा प्रश्न मला पडतो.

ओलेंटँजीकाठ
२४ जानेवारी २०२५, रात्री ९:३०

सातबारा, तुमचा प्रश्न रास्त आहे आणि मी तो टाळणार नाही. पण या संघाची दुसरी बाजूही पाहा. जॅक सॉयर, जे. टी. टुइमोलोआऊ, ट्रेव्हियन हेंडरसन, इग्बुका, डेन्झेल बर्क, डोनोव्हन जॅक्सन, लेथन रॅन्सम ही सगळी मुले पहिल्या वर्षापासून इथलीच आहेत. २०२३ चा हंगाम मिशिगनकडून आणि नंतर कॉटन बोल या हंगामाअखेरच्या सामन्यात मिसुरीकडून १४–३ अशा पराभवाने संपला, तेव्हा यांतील बहुतेकांना व्यावसायिक संघांचे दार उघडे होते. ती मुले एक वर्ष थांबली. त्यांना पैसे मिळाले हे खरे, पण केवळ पैशांसाठी थांबली असे मी म्हणणार नाही.

प्रशिक्षकांबद्दलही एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. मुख्य प्रशिक्षक रायन डे आणि चिप केली हे दोघेही न्यू हॅम्पशायरमधील मँचेस्टरचे. डे तिथल्या विद्यापीठात क्वार्टरबॅक होते तेव्हा केली त्यांना शिकवत होते. त्याच केलींनी यू.सी.एल.ए.चे मुख्य प्रशिक्षकपद सोडले आणि आपल्या शिष्याच्या हाताखाली आक्रमणाची जबाबदारी घेतली. गुरूने शिष्याच्या पंगतीला येऊन वाढप्याचे काम करावे, तसे हे होते. मिशिगनच्या पराभवानंतर साऱ्या शहराने डे यांना धारेवर धरले होते, तेव्हा हा माणूस त्यांच्या शेजारी उभा होता.

मृण्मयी
२४ जानेवारी २०२५, रात्री ९:५५

वाढप्याची उपमा फार आवडली.

नलूमावशी
२५ जानेवारी २०२५, सकाळी ७:००

मुलाने मागच्या महिन्यात 'बकाय' नावाचा खाऊ पाठवला होता. शेंगदाण्याच्या लोण्याचा लाडू वळायचा आणि तो चॉकलेटमध्ये असा बुडवायचा की वरचा रुपयाएवढा भाग उघडा राहील. ओहायोतील बकाय झाडाच्या बियांसारखे ते दिसते आणि संघाचे नावही त्यावरूनच आहे. ती खरी बी मात्र कच्ची खाल्ली तर विषारी असते, असे तो म्हणाला. मी संक्रांतीला दाण्याचे कूट आणि गूळ घालून तसेच लाडू केले आणि वाळकेश्वरच्या बहिणीकडे पाठवले. तिने विचारले की एका बाजूचे चॉकलेट उडाले आहे का. मी तिला सगळी कथा सांगितली.

खेळाडूंच्या शिरस्त्राणावर छोटी छोटी पाने कसली चिकटवलेली असतात?

चौथाडाव
२५ जानेवारी २०२५, सकाळी ८:१०

मावशी, तीही बकायची पाने आहेत. चांगल्या कामगिरीबद्दल एकेक पान शिरस्त्राणावर लावण्याची ही प्रथा १९६८ पासून आहे. हंगाम सरत जातो तसे शिरस्त्राण पानांनी भरत जाते.

हुरॉनकाठ
२५ जानेवारी २०२५, सकाळी ९:४५

दोन्ही बाजूंनी लिहायचे तर एक गोष्ट मला सांगितलीच पाहिजे. ३० नोव्हेंबरला विजयानंतर आमच्या खेळाडूंनी तुमच्या मैदानाच्या मधोमध आमचा झेंडा रोवायचा प्रयत्न केला, त्यावरून हाणामारी झाली आणि शेवटी पोलिसांनी मिरीचा फवारा मारला. जिंकल्याचा आनंद मला आजही आहे, पण ते पाहताना मान खाली गेली. पाहुण्याने जिंकावे आणि नमस्कार करून निघावे. त्या गोंधळात झेंडा हिसकावून फेकणारा खेळाडू जॅक सॉयर होता आणि त्याच्या चेहऱ्यावरचा संताप मला अजून आठवतो.

पुढचीफळी
२५ जानेवारी २०२५, सकाळी ११:३०

हुरॉनकाठ, तुमचे मन मोठे आहे. आणि सॉयरचे नाव तुम्ही काढलेत हे फार बरे केले.

हा मुलगा कोलंबसच्या वेशीवरच्या पिकरिंग्टनचा, म्हणजे घरचाच. झेंडा फेकल्यानंतर सहाच आठवड्यांनी, १० जानेवारीला, टेक्सासविरुद्धचा उपांत्य सामना आठवा. २१–१४ अशी आघाडी होती, चार मिनिटेही उरली नव्हती आणि टेक्सासचा चेंडू गोलरेषेपासून एक यार्डावर होता. पहिली धाव अडली. दुसऱ्या प्रयत्नात त्यांनी चेंडू बाजूला उडवून कडेने जाण्याचा प्रयत्न केला आणि सात यार्ड मागे गेले. तिसरी फेक वाया गेली. चौथ्या प्रयत्नात क्विन युअर्स फेकीसाठी हात मागे घेतो आणि सॉयर कडेने येऊन त्याच्यावर आदळतो. चेंडू सुटून हवेत उडतो आणि सॉयरच्याच हातात येतो. पुढे ८३ यार्ड रिकामे मैदान. पाठीमागून कोणी येत नाही हे कळेपर्यंत तो निम्म्यावर पोहोचला होता, आणि शेवटची वीस यार्ड तो जवळजवळ पाय ओढत गेला. युअर्स २०२१ मध्ये काही महिने ओहायो स्टेटमध्येच होता आणि सॉयरच्याच खोलीत राहत होता.

मी एकटाच घरी होतो. मी टाळ्या वाजवतो आहे हे मला माझ्याच आवाजाने कळले.

रंकाळा
२५ जानेवारी २०२५, दुपारी १२:४०

जेडन फील्डिंगचेही नाव घ्या. मिशिगनविरुद्ध ३८ आणि ३४ यार्डांवरून मारलेले त्याचे दोन्ही फील्ड गोल हुकले होते आणि सामना तीन गुणांनी गेला होता. अंतिम सामन्यात ३१–७ अशी आघाडी ३१–२३ पर्यंत खाली आली. तिसऱ्या प्रयत्नात ११ यार्ड हवे असताना हॉवर्डने स्मिथकडे ५६ यार्डांची फेक केली, आणि मग २६ सेकंद उरले असताना ३३ यार्डांवरून मारायला पुन्हा तोच फील्डिंग आला. त्या वेळी त्याच्या पायात किती ओझे असेल, याचा विचार करूनच माझ्या पोटात गोळा आला होता. चेंडू मधोमध गेला.

सातबारा
२५ जानेवारी २०२५, दुपारी २:१५

सॉयर आणि फील्डिंग यांच्याबद्दल वाचून माझा मुद्दा थोडा मवाळ करतो. पैशांबद्दलची शंका कायम आहे, पण ८३ यार्डांच्या त्या धावेत पैशाचा भाग मला दिसत नाही.

चौथाडाव
२५ जानेवारी २०२५, दुपारी ३:००

रोझ बोल, म्हणजे उपांत्यपूर्व सामनाही विसरू नये. ज्या ऑरेगॉनने ऑक्टोबरमध्ये एका गुणाने हरवले होते, त्याच अपराजित ऑरेगॉनविरुद्ध १ जानेवारीला दुसऱ्या सत्रातच ३४–० अशी आघाडी होती. सामना ४१–२१ असा संपला. समोरच्या क्वार्टरबॅकला आठ वेळा पाडले गेले. ऑरेगॉनच्या पराभवाची परतफेड पूर्ण झाली, पण मिशिगनची परतफेड बाद फेरीत शक्यच नव्हती. ओलेंटँजीकाठ यांच्या मुलीची अडचण तीच आहे, हे मला आता पटू लागले आहे.

बाभूळबन
२७ एप्रिल २०२५, रात्री १०:२०

धागा वर काढतो आहे, कारण व्यावसायिक संघ विद्यापीठांतील खेळाडू निवडतात ती वार्षिक निवड कालच संपली. या एका संघातून १४ खेळाडू निवडले गेले. पुढचीफळी, तुमची आठवण आली. डोनोव्हन जॅक्सनला मिनेसोटाने २४ व्या क्रमांकावर आणि जॉश सिमन्सला कॅन्सस सिटीने ३२ व्या क्रमांकावर घेतले.

पुढचीफळी
२७ एप्रिल २०२५, रात्री ११:१०

एकाच हंगामात एकाच जागेवर खेळलेले दोघे पहिल्याच फेरीत गेले. पेन स्टेटविरुद्ध धडपडलेल्या त्या मुलासाठी मला झालेला आनंद शब्दांत सांगता येत नाही.

मूळ प्रश्नाकडे परत येताना एक गोष्ट नोंदवतो. मिशिगनला हरवणाऱ्या ओहायो स्टेटच्या प्रत्येक खेळाडूला सोन्याच्या विजारीचे एक चिमुकले पदक मिळते. १९३४ पासूनची ही रीत आहे. समोरचेही आपल्यासारखेच एकेक पाय घालून विजार चढवतात, असे त्या वेळचे प्रशिक्षक म्हणाले होते, त्यावरून ती पडली. सॉयर, टुइमोलोआऊ, हेंडरसन, इग्बुका आणि जॅक्सन हे २०२१ मध्ये आले आणि चारही वेळा हरले. रॅन्सम आणि कोडी सायमन एक वर्ष आधी आले, पण २०२० चा सामना साथीमुळे रद्द झाला. यांच्यापैकी प्रत्येकाच्या बोटात आता राष्ट्रविजेत्याची अंगठी असेल आणि सोन्याची ती विजार एकाकडेही नसेल.

हुरॉनकाठ
२८ एप्रिल २०२५, सकाळी ८:००

हे वाचून मला जिंकल्याचे समाधान वाटायला हवे होते, पण वाटले नाही. चार वर्षे झुंजलेल्या मुलांबद्दल आदरच वाटला.

ओलेंटँजीकाठ, पुढचा सामना २९ नोव्हेंबरला आमच्याकडे ॲन आर्बरला आहे. तुम्ही आणि तुमची कन्या दोघांनी आदल्या रात्रीच आमच्या घरी मुक्कामाला यावे. सामना कोणीही जिंको, रात्रीचे जेवण आमच्याकडेच आहे.

नलूमावशी
२८ एप्रिल २०२५, सकाळी ८:४५

माझ्या मुलालाही न्या. तो एकटाच सामना पाहतो आणि वेळेवर जेवत नाही.

ओलेंटँजीकाठ
२८ एप्रिल २०२५, रात्री ९:१५

हुरॉनकाठ, निमंत्रण आनंदाने स्वीकारले. मुलीला सोन्याच्या विजारींबद्दलचा प्रतिसाद वाचून दाखवला. ती बराच वेळ गप्प होती, मग आत गेली आणि कपाटातून ३० नोव्हेंबरची ती लाल टोपी काढून आणली. त्या दिवसानंतर तिने ती एकदाही घातली नव्हती, अंतिम सामन्यालाही नाही. आता ती ॲन आर्बरलाच घालणार म्हणते.

मावशी, मुलाचा फोन नंबर मला निरोपातून कळवा. गाडीत एक जागा रिकामी आहे. आणि तुमचे ते दाण्याच्या कुटाचे लाडू कसे करायचे तेही लिहा. हुरॉनकाठांच्या घरी जाताना डबाभर घेऊन जाऊ.